चुलीमागची रिकामी जागा



गावाकडच्या घरात चुलीमागची भिंत तुम्ही कधी नीट पाहिली आहे का? धुराने ती काळवंडलेली असते, अधूनमधून तिच्यावर शेणामातीचा हात फिरतो आणि वर्षानुवर्षे जाळ सोसूनही तिला काही होत नाही. कारण अगदी साधे आहे. माती जळत नाही. माती, दगड किंवा वीट कितीही तापली तरी पेट घेत नाही. म्हणून चुलीमागच्या भिंतीची काळजी करण्याची वेळ आपल्यावर सहसा येत नाही.

पण ती भिंत लाकडाची असेल तर?

हिमाचल प्रदेशातील डोंगराळ भागात अशी घरे आजही आहेत. देवदाराच्या तुळया आणि दगडांचे थर एकावर एक रचून बांधलेल्या या घरांना तेथे ‘काठकुणी’ म्हणतात. खालच्या मजल्यावर गुरे आणि वरच्या मजल्यावर माणसे, अशी जुनी रीत. हिवाळ्यात बर्फ पडू लागले, की घराच्या मधल्या खोलीत पत्र्याची शेगडी पेटते. तिला चार पाय असतात, लाकडे घालायला दार असते आणि धूर बाहेर नेणारा उभा नळ असतो. हिमाचलमध्ये तिला ‘तंदूर’ म्हणतात. हॉटेलातल्या रोटीच्या भट्टीशी तिची गल्लत करू नका. काश्मीरमध्ये अशाच शेगडीला ‘बुखारी’ हे नाव आहे. घरातली सगळी माणसे दिवसभर तिच्याभोवती बसतात. तिच्यावर चहा उकळतो, तिच्याभोवतीच कपडे वाळतात.

आता विचार करा. जमीन लाकडाची, भिंत लाकडाची आणि मध्ये तापून लाल होऊ पाहणारी शेगडी. लाकडी घरांच्या दाटीत आग लागली म्हणजे काय होते, हे कुल्लू जिल्ह्यातील मलाणा गावाने जानेवारी २००८ मध्ये अनुभवले. त्या आगीत गावाचा मोठा भाग जळाला. तेव्हा शेगडीची बैठक कशी असावी आणि मागची भिंत उष्णतेपासून कशी वाचवावी, हा पुस्तकी प्रश्न नाही. मी मात्र तो एकदा पुस्तकी पद्धतीनेच सोडवला आणि तो चुकला. ती चूकच आज तुम्हाला सांगणार आहे.

माझे फसलेले प्रात्यक्षिक

२०१७ च्या दिवाळीच्या सुट्टीत मी महाविद्यालयातील काही विद्यार्थ्यांसह कुल्लू भागात पदभ्रमणाला गेलो होतो. एका खेड्यात ज्यांच्याकडे उतरलो, त्यांनी नवी शेगडी घेतली होती. वरच्या मजल्यावरच्या देवदाराच्या फळ्यांच्या भिंतीपासून ती हातभर अंतरावर ठेवली होती. मी पदार्थविज्ञान शिकवतो हे कळल्यावर त्यांनी विचारले, “मास्तरजी, फळ्या फार तापतात. काय करावे?”

मी लगेच उत्तर दिले, “विटांची भिंत घाला. वीट उष्णतेची मंदवाहक आहे.” एवढ्यावर न थांबता मी प्रात्यक्षिकही करून दाखवले. पेटलेल्या शेगडीजवळ एक वीट उभी धरली आणि तिच्या मागच्या बाजूला दहा मिनिटे हात लावून ठेवला. वीट थंडच होती. सगळ्यांनी माना डोलावल्या.

यजमानांनी सुमारे सत्तर विटा आणून फळ्यांना अगदी चिकटून चार फूट रुंद आणि चार फूट उंच भिंत उभी केली. आता विटा आहेतच, तर जागा कशाला वाया घालवायची, म्हणून शेगडी मागे सरकवली. पूर्वी ती हातभर दूर होती, आता वीतभर अंतरावर आली.

२०१८ च्या डिसेंबरात आम्ही पुन्हा तेथे गेलो. रात्री जेवणे झाल्यावर शेगडीभोवती बसलो असताना यजमानांच्या आई म्हणाल्या, “या विटांच्या मागून भाजल्यासारखा वास येतो. रोज रात्री येतो.” घरच्यांना वाटे, की चिखल वाळत असेल. मी उठून भिंतीजवळ गेलो. वास चिखलाचा नव्हता. त्या रात्री शेगडी विझवली आणि सगळे दोन-दोन घोंगड्या घेऊन झोपलो. सकाळी विटा उतरवल्या. मागच्या फळ्या कडेला तपकिरी आणि मध्यभागी, तळहाताएवढ्या जागेत, कोळशासारख्या काळ्या झाल्या होत्या. नखाने खरवडल्यावर काळी भुकटी निघाली. ज्वाळा कोठेच उठली नव्हती. पण घर आणि आग यांच्यामध्ये आता फारसे काही उरले नव्हते.

माझे नेमके काय चुकले? चला, पायरीपायरीने पाहू.

लाकूड पेटते कधी?

ताजे, कोरडे लाकूड सुमारे २५०° ते ३००° से. पर्यंत तापले, की त्यातून ज्वलनशील वायू भरपूर बाहेर पडू लागतात आणि ते पेट घेऊ शकते. मग भिंत १००° च्या आसपास राहिली, तर ती सुरक्षित आहे असे म्हणायचे का? नाही. येथेच पहिला धोका लपलेला आहे.

लाकूड महिनोन्‌महिने तापत राहिले, की आधी त्यातले पाणी निघून जाते. मग त्याच्या रेणूंचे हळूहळू विघटन होते. लाकूड तपकिरी होते, काळे पडते आणि सच्छिद्र कोळशासारखे बनते. अशा कोळशाचा हवेतील ऑक्सिजनशी संथपणे संयोग होऊन थोडी उष्णता निर्माण होते. ती निसटून गेली तर ठीक. पण समोर विटांचे पांघरूण असेल, तर ती तेथेच साठते, तापमान आणखी चढते आणि एखाद्या रात्री ते लाकूड नेहमीपेक्षा बऱ्याच कमी तापमानालाही पेटू शकते. म्हणूनच अग्निसुरक्षेचे जाणकार १००° च्या आसपास दीर्घकाळ तापणारे लाकूडही धोक्याचे समजतात. ‘आजवर काही झाले नाही’ या वाक्यावर येथे विसंबता येत नाही, कारण धोका दर हिवाळ्यात वाढत असतो.

विटेने काय केले?

दुसरी चूक माझ्या प्रात्यक्षिकात होती. दहा सेंटिमीटर जाडीच्या विटेतून उष्णता पलीकडे पोचायला काही तास लागतात. मी हात लावला दहा मिनिटे. वीट उष्णता अडवत नव्हती, ती फक्त उशीर करत होती. बर्फाच्या दिवसांत शेगडी सकाळपासून रात्रीपर्यंत जळते, आणि तेवढ्या वेळात उशीर संपून जातो.

बरे, उशीर संपल्यावर विटांमागच्या फळीचे तापमान किती होत असेल? एक सोपे गणित करू. विटेपेक्षा देवदारासारखे मऊ लाकूड चार-पाच पट अधिक मंदवाहक असते. हे वाचून तुम्ही थबकला असाल. पण ते खरे आहे. हिशेबासाठी पाचपट धरू. म्हणजे ४ सेंमी जाडीची फळी उष्णतेला २० सेंमी विटेइतका विरोध करते. समोर खरीखुरी वीट १० सेंमी. एकूण विरोध झाला ३० सेंमी विटेइतका.

समजा, विटेची शेगडीकडची बाजू १५०° से. वर आहे आणि घराबाहेर शून्य अंश आहे. ३० सेंटिमीटरमध्ये १५० अंशांचा उतार, म्हणजे दर सेंटिमीटरला ५ अंश. १० सेंमी विटेत उतरले फक्त ५० अंश. तेव्हा वीट आणि फळी जेथे एकमेकींना टेकतात, तेथे तापमान १००° से.! आणि हे एक दिवस नव्हे, तर सबंध हिवाळाभर.

म्हणजे मी लाकडापुढे वीट ठेवून लाकडाला वाचवत होतो, आणि प्रत्यक्षात लाकूडच विटेला रजईसारखे पांघरून तिची उष्णता धरून ठेवत होते. त्यातून विटांच्या भरवशावर शेगडी जवळ सरकवली गेली, ती तिसरी चूक.

शेगडीपासून भिंतीपर्यंत

उष्णता तीन मार्गांनी प्रवास करते, हे तुम्ही शाळेत शिकला आहात: वहन, अभिसरण आणि प्रारण. शेगडी आणि भिंत एकमेकींना टेकलेल्या नाहीत, म्हणून त्यांच्यामध्ये घन पदार्थातून वहन नाही. शेगडीला लागून तापलेली हवा सरळ वर छताकडे जाते. तेव्हा भिंत तापते ती मुख्यतः प्रारणाने, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांनी.

या प्रारणाचा एक नियम योजेफ श्टेफान याने १८७९ मध्ये प्रयोगांच्या आधारे मांडला आणि लुडविग बोल्ट्झमान याने १८८४ मध्ये सिद्धान्ताने सिद्ध केला. पृष्ठभागातून बाहेर पडणारे प्रारण त्याच्या निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असते. २७° से. म्हणजे ३०० केल्विन, ३२७° से. म्हणजे ६०० केल्विन. निरपेक्ष तापमान दुप्पट झाले, तर प्रारण दुप्पट होत नाही. २ × २ × २ × २, म्हणजे १६ पट होते! एक चौरस मीटर काळा पृष्ठभाग २७° वर दर सेकंदाला सुमारे ४६० ज्यूल ऊर्जा बाहेर टाकतो, तर ३२७° वर सुमारे ७,३५० ज्यूल. शेगडीत दोन लाकडे जास्त घातली, तर मागची भिंत एकदम का पोळते, ते आता लक्षात येईल.

यावर पहिला उपाय म्हणजे अंतर. शेगडी लहान आणि भिंत लांब असेल, तर अंतर दुप्पट केल्यावर एखाद्या जागी पडणारे प्रारण सुमारे एक चतुर्थांश होते. अगदी जवळ हा नियम तंतोतंत लागू पडत नाही, पण दूर गेल्यावर दाह झपाट्याने कमी होतो, हे खरे.

अडीच सेंटिमीटर हवा

अमेरिकेत लाकडी घरे आणि लाकडाच्या शेगड्या खूप आहेत. तेथील राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघटनेची २११ क्रमांकाची नियमावली याच विषयावर आहे. वेगळी चाचणी न झालेल्या शेगडीसाठी तिच्यात दिलेली अंतरे पाहा. भिंत उघडी लाकडाची असेल, तर शेगडी ३६ इंच, म्हणजे सुमारे ९० सेंमी दूर हवी. लाकडी भिंतीला चिकटून साडेतीन इंच जाडीची विटांची भिंत असेल, तर २४ इंच. आणि लाकडी भिंतीपुढे एक इंच, म्हणजे अडीच सेंटिमीटर मोकळी जागा सोडून २४ गेजचा साधा लोखंडी पत्रा उभा केला, तर १२ इंच!

पुन्हा एकदा वाचा. साडेतीन इंच विटेपेक्षा अर्ध्या मिलिमीटरहून थोडा जाड पत्रा अधिक कामाचा ठरला. ही जादू पत्र्याची नाही, त्याच्यामागच्या रिकाम्या जागेची आहे.

ती जागा तीन कामे करते. शेगडीचे किरण आधी पत्र्यावर पडतात. तो चकचकीत असेल, तर बरेचसे परत फिरतात. उरलेल्यांनी पत्रा तापतो. हे झाले पहिले काम: किरण थेट लाकडावर पडत नाहीत. आता पत्र्याची उष्णता मागे जाणार कशी? मध्ये हवा आहे, आणि स्थिर हवा विटेपेक्षा वीस-पंचवीस पट मंदवाहक आहे. हे दुसरे काम. तिसरे काम सर्वांत महत्त्वाचे. पत्र्यामागची हवा तापते. २०° से. ची एक घनमीटर हवा सुमारे १.२० किलोग्रॅम भरते, तर ६०° से. ची सुमारे १.०६ किलोग्रॅम. हलकी हवा वर निघून जाते आणि तिची जागा घ्यायला खालून थंड हवा आत येते. पत्र्यामागे जणू एक चपटे धुराडेच तयार होते. शेगडी जितकी तापेल, तितका हा प्रवाह जोरात वाहतो. पंखा नाही, वीज नाही. उष्णताच स्वतःला हाकलून लावते. आणि ही हवा खोलीतच येत असल्यामुळे ऊबही वाया जात नाही.

पण त्यासाठी एक अट आहे. ही जागा खालून आणि वरून उघडी हवी, दोन्हीकडे किमान एकेक इंच. पुष्कळ लोक पत्रा जमिनीला टेकवतात किंवा वरची फट ‘वाईट दिसते’ म्हणून बुजवतात. फट बुजली, की हवा कोंडते आणि तिसरे काम बंद पडते.

आणखी एक बारकावा. पत्रा अधांतरी राहणार नाही. त्याला भिंतीपासून दूर धरणारे आधार लागतात. ते धातूचे किंवा न जळणाऱ्या पदार्थाचे असावेत, लाकडाचे गुटके नकोत. आणि ते कडेला असावेत, शेगडीच्या बरोबर मागे नसावेत. कारण प्रत्येक धातूचा आधार म्हणजे वहनासाठी बांधलेला छोटा पूलच.

विटांचीच भिंत हवी असेल, तर तीही चालते. मात्र ती लाकडापासून इंचभर सुटी बांधावी, सर्वांत खालच्या थरात एकाआड एक वीट वगळावी आणि वर फट ठेवावी. विटेचा एक फायदाही आहे. सत्तर विटांचे वजन सुमारे २१० किलोग्रॅम. त्या सरासरी ४० अंशांनी तापल्या, तर सुमारे ७० लाख ज्यूल उष्णता साठते, जवळजवळ अर्धा किलो कोरड्या लाकडाइतकी. शेगडी विझल्यावर ती हळूहळू खोलीत येते. पण हे दोन क्विंटलहून अधिक वजन लाकडी मजल्याला पेलवेल का, हे सुताराला आधी विचारले पाहिजे. तेवढ्याच आकाराचा पत्रा भरतो फक्त सात किलो.

पूर्वी अशा कामाला ॲस्बेस्टॉसचे पत्रे सर्रास वापरत. त्याचे सूक्ष्म तंतू फुप्फुसात गेल्याने गंभीर रोग होतात, हे आता निश्चित झाले आहे. जुन्या पुस्तकात तसे लिहिलेले दिसले, तरी ते वापरू नका. जुना पत्रा कापू किंवा फोडूही नका.

शेगडीखालची बैठक

भिंतीचे झाले, आता जमिनीचे पाहू. जमिनीला दोन धोके असतात: शेगडीच्या तळाचा दाह आणि दारातून निसटणारे निखारे. म्हणून न जळणारी बैठक शेगडीच्या सर्व बाजूंनी किमान १८ इंच, म्हणजे ४५ सेंमी पुढे आलेली असावी. शेगडीचे पाय सहा इंचांहून उंच असतील, तर तळाखाली हवा खेळते. मग दोन इंच जाडीच्या भरीव विटा किंवा फरशा एकमेकींना चिकटवून त्यांवर पत्रा अंथरला, की पुरते. पाय दोन ते सहा इंच असतील, तर चार इंची पोकळ ठोकळे वापरतात, आणि ते असे रचतात, की सर्वांची भोके एका रेषेत येऊन आरपार हवा वाहावी. पाहिलेत? येथेही तीच युक्ती. पाय दोन इंचांहून बुटके असतील, तर ती शेगडी लाकडी जमिनीवर ठेवूच नये.

धुराच्या नळाला विसरू नका. साध्या, एकेरी पत्र्याचा नळही लाकडापासून १८ इंच दूर हवा. खोलीत ताज्या हवेला वाटही हवी. नाहीतर कार्बन मोनॉक्साइडसारखा वास नसलेला विषारी वायू साचू शकतो.

त्या डिसेंबरात आम्ही काय केले? काळ्या पडलेल्या फळ्या सुताराने काढून नव्या बसवल्या. उतरवलेल्या विटा, आणखी थोड्यांची भर घालून, शेगडीखाली सपाट मांडल्या. वजन आता एका रेषेवर न पडता पसरले. त्यांवर पत्रा घातला. भिंतीपुढे जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा इंचभर लांबीच्या लोखंडी नळीच्या तुकड्यांवर उभा केला, खाली-वर मोकळा. शेगडी भिंतीपासून फूटभराहून थोडी जास्त पुढे ओढली. आणि या खेपेला मी दहा मिनिटांत निकाल दिला नाही. सकाळपासून रात्रीपर्यंत शेगडी जळत ठेवून दर तासाला पत्र्यामागे हात घालून फळी चाचपली. रात्री दहा वाजताही फळी कोमट होती. आजीबाईंनी वरच्या फटीपाशी हात धरला, गरम हवेचा झोत लागताच हसल्या आणि ओले मोजे तेथे वाळत घालायला निघाल्या. तेवढे मात्र आम्ही करू दिले नाही!

तुम्ही करून पाहा

हा प्रयोग विस्तवाशिवाय, नुसत्या उन्हात करता येतो. सारख्या आकाराचे तीन लाकडी पाट आणि तीन पत्र्याचे तुकडे घ्या. पत्र्यांची एक बाजू काळी रंगवा. पहिल्या पाटाला पत्रा अगदी चिकटवून बांधा. दुसऱ्या पाटापुढे इंचभर जागा सोडून, खालून-वरून मोकळा, असा पत्रा लावा. तिसऱ्यातही इंचभर जागा सोडा, पण चारही कडा ओल्या मातीने लिंपून टाका. तिन्ही पाट उन्हाकडे तोंड करून उभे ठेवा. प्रत्येक पाटाच्या पत्र्याकडील पृष्ठभागाला टेकेल असा एकेक तापमापक बसवा आणि दर दहा मिनिटांनी दोन तास नोंद करा. तापमान आणि वेळ यांचे आलेख एकाच कागदावर काढा. कोणता आलेख सर्वांत खाली राहतो? आणि पहिल्या दहा मिनिटांचेच आकडे घेतले असते, तर तुमचा निष्कर्ष काय झाला असता? नोंदी आम्हाला जरूर कळवा.

मग घरातला शीतकपाट पाहा. तो भिंतीला चिकटवून ठेवू नये, असे का सांगतात, याचे उत्तर आता तुमच्याजवळ आहे. आणि कोणी ‘मागची फट बुजवून टाकू, बरी दिसेल’ असे म्हणाले, तर त्यांना थांबवा. संरक्षण म्हटले, की आपण काहीतरी जाडजूड पुढे ठेवायला धावतो. कधीकधी मात्र भिंत वाचते ती आपण मोकळ्या सोडलेल्या जागेमुळे.